हळदीच्या कारखान्याचं स्थळ

"बाहेर काढा त्या म्हाताऱ्याला. आमच्या सुनेला बघायला आलतं ते म्हातारं कुठं लपून बसलंय? बाहेर काढा."

हा आवाज कारखान्याच्या फाटकातून आत शिरला, वजनकाटा ओलांडून, हळदीच्या गोण्यांच्या थप्प्यांवरून उडी मारून, माझ्या खोलीतल्या खडखडणाऱ्या पंख्यावर मात करून माझ्या कानात पोचला. मी तेव्हा एका फिटरच्या रजेच्या अर्जावर सही करत होतो. सही अर्धीच राहिली. साहेबांनी मला अर्धीच रजा दिली, अशी त्या फिटरची तक्रार आजही आहे.

म्हातारं म्हणजे मी. खिडकीतून बघितलं तर फाटकाबाहेर काळीपिवळी जीप उभी. आमच्या हिंगोली जिल्ह्यात काळीपिवळीतून किती माणसं उतरतील हे विधात्यालाही आधी सांगता येत नाही. उतरतच होती. सगळ्यांत पुढं तांबडा पटका बांधलेला, वडाच्या खोडासारखा एक माणूस. त्याच्या मिशा एवढ्या मोठ्या की मिशा आधी फाटकात शिरल्या आणि तो मागून आला, असं मी लोकांना सांगतो. लोक मानतात.

आमच्या वॉचमननं काय करावं? त्यानं फाटक सताड उघडलं आणि म्हणाला, "या की. साहेब आतच हायत."

आता हे प्रकरण काय होतं ते सांगण्याआधी माझा धंदा सांगतो. वसमतच्या बाहेर हळद दळण्याचा कारखाना. हळकुंडं आत जातात, भुकटी बाहेर पडते, आणि मधली सगळी माणसं पिवळी होतात. आमच्या कारखान्याचं कुत्रं जन्मानं पांढरं होतं, हे शेजारच्या वस्तीत कोणी मानत नाही. कामावर लागलेला गडी पहिल्याच संध्याकाळी नवरदेव होऊन घरी जातो. या कारखान्यात माणसं नेमायची, टिकवायची आणि वेळ आली तर काढायची, हे माझं काम. माझ्या दारावरची पाटी तीनदा बदलली. आधी 'टाइम ऑफिस', मग 'कर्मचारी विभाग', शेवटी 'मनुष्यबळ विकास'. खुर्ची मात्र एकच, आणि तिचा एक पाय पहिल्यापासून आखूड. मनुष्यबळाचा जो काही विकास झाला तो डुगडुगतच झाला.

माणूस नेमणं म्हणजे काय? जाहिरात दिली की अर्ज येतात. अर्जात प्रत्येक जण कष्टाळू, प्रामाणिक आणि मनमिळाऊ असतो. मग मुलाखत. मुलाखतीत माणूस पाणीसुद्धा विचारून पितो. त्या दिवशी घातलेला सदरा बऱ्याचदा त्याचा नसतो, मग त्यातला स्वभाव तरी त्याचाच असेल कशावरून? पुण्याहून आम्हाला एक छापील प्रश्न आला होता, 'तुमचा सगळ्यात मोठा दोष सांगा.' तो मी नरसीच्या एका पोराला विचारला. त्यानं शांतपणे सांगितलं, "साहेब, ते मला विचारून काय उपेग? गावाला विचारा. गाव येळ घालवणार न्हाई."

बराबर बोलला. माझी सगळी विद्या या एका वाक्यात आहे. कागद खोटं बोलतो, माणूस खोटं बोलतो, गाव मात्र फार वेळ खोटं बोलू शकत नाही. म्हणून मी चौकशीला जायचो. कंपनीची जीप, ड्रायव्हर गफ्फारभाई आणि मी. फाट्यावरच्या टपरीवर उतरायचं, चहा सांगायचा, आधी हळदीचा भाव, मग पाऊसपाणी, मग कोणाच्या म्हशीनं काय केलं ते, आणि मग अगदी सहज, मिशीतल्या मिशीत, आपल्या उमेदवाराचं नाव सोडायचं. चहा संपेपर्यंत उमेदवाराचं पाळण्यापासूनचं चरित्र हातात.

यातही फसायला होतं. हट्ट्याच्या एका गड्याची चौकशी केली. अख्ख्या गावानं एका सुरात तारीफ केली. सरपंच बोलला, न्हावी बोलला, एकमेकांशी वीस वर्षं अबोला धरलेले दोन भाऊ एकाच वेळी बोलले. मी खूश होऊन त्याला वॉचमन नेमला. आल्या दिवसापासून त्यानं जे भजन सुरू केलं ते थांबेना. आवाज असा की हळकुंडं आपोआप फुटावीत. तेव्हा कळलं, गाव त्याची तारीफ नव्हतं करत, गाव त्याला खपवत होतं. पण एक कबूल करावं लागेल. तो आल्यापासून कारखान्यात चोरी झाली नाही. चोरांनाही कान असतात. फाटक सताड उघडणारा तो हाच.

दुसरी तऱ्हा मामांची. एक पोरगं मुलाखतीला मामाला घेऊन आलं. मी पोराला नाव विचारलं, मामानं सांगितलं. शिक्षण विचारलं, मामानं सांगितलं. कारखान्यात आग लागली तर काय कराल, असं विचारलं तेव्हा मामा उठून उभा राहिला आणि वाळूची बादली कुठं ठेवायची, आधी कोणतं बटण बंद करायचं, सगळं खोलीत फिरून दाखवलं. पोरगं खिडकीबाहेर बघत होतं. मी मामाला नेमलं. तो पुढं सुपरवायझर झाला. भाचा कुठं आहे ते आता मामालाही माहीत नसावं.

असं माझं बरं चाललं होतं, तोच शेठजींनी पुण्याच्या एका मॅडमना सल्लागार नेमलं. बाई हुशार, बोलायला सरळ, आणि हातात नियमांचं जाड पुस्तक. त्यातला एक नियम, बाई उमेदवाराला लग्नाचं विचारायचं नाही. झालंय का, ठरलंय का, करणार कधी, काही नाही. मी म्हणालो, "मॅडम, पोरगी लग्न होऊन गेली की आमची जागा रिकामी होते, म्हणून विचारतो."

"पुरुषांना विचारता का?"

"पुरुषांना तर पहिलं तेच विचारतो. बिनलग्नाचा गडी लग्नसराईत कामावर दिसत नाही."

"मग त्यांनाही विचारू नका," मॅडम म्हणाल्या आणि पान उलटलं.

दुसरा नियम, बाई उमेदवाराच्या घरी चौकशीला जायचं तर सोबत एक महिला प्रतिनिधी हवी. आमच्या ऑफिसात तेव्हा महिला म्हणजे भिंतीवरच्या कॅलेंडरातली लक्ष्मी. मी शांतपणे 'हो' म्हणालो. नियमाला नाही म्हणायचं नसतं, त्याला आपल्या वाटेनं न्यायचं असतं.

त्याच हंगामात प्रयोगशाळेची जागा रिकामी झाली. ही जागा साधी नाही. आलेल्या हळदीत ओलावा किती, रंग किती, हे तिथं तपासतात, आणि त्यावर शेतकऱ्याच्या मालाचा भाव ठरतो. तपासणारा माणूस वाकला तर वर्षभरात त्याचा बंगला होतो आणि कारखान्याचं नाव जातं. त्यात परदेशी गिऱ्हाइकाची माणसं पाहणीला यायची होती. शेठजी रोज विचारत, "इंगोले, माणूस मिळाला का?" तीन उमेदवार मी परत पाठवले होते. तिघांनीही हळकुंड हातात घेऊन, कडकन मोडून, वास घेऊन, डोळे मिटून ओलावा सांगितला होता. तिघांचे आकडे वेगळे, रुबाब एकच.

चौथी ज्योती राठोड. सिद्धेश्वर धरणालगतच्या बंजारा तांड्यावरची, हिंगोलीला रसायनशास्त्र शिकलेली. तिच्यापुढं दोन हळकुंडं ठेवली. तिनं हात नाही लावला. म्हणाली, "यंत्र कुठं हाय?"

"हातानं नाही कळत?"

"हात रोज येगळा असतो, साहेब. मला ताप आला तर सगळ्यांचीच हळद कोरडी लागंल."

मी मनातल्या मनात तिला नेमून टाकलं. जिभेवर सवयीचा प्रश्न आला होता. तो गिळला, आणि गिळताना राग आला म्हणून जरा जोरातच बोललो, "आणि हे बघ, इथं पुण्याचा नियम आहे. लग्नाचा विषय काढायचा नाही. मी काढणार नाही, तूही काढायचा नाही. काय?"

"बरं," ती म्हणाली.

आता राहिली चौकशी, आणि महिला प्रतिनिधी. मी घरी जाऊन बायकोला सांगितलं, "कुसुम, उद्या तुला कंपनीच्या कामाला यायचंय." तिनं आयुष्यात पहिल्यांदा कंपनीचं काम मिळालं म्हणून पेटीतली जांभळी साडी काढली, नथ काढली. मी म्हणालो, अगं चौकशीला जायचंय. ती म्हणाली, "मग काय भिकाऱ्यासारखं जायचं? कंपनीची इज्जत हाय का न्हाई?" वाटेत औंढ्याला दर्शन घेतलं, तिथं तिनं पेढे घेतले. शेठजींचा जुना दंडक होता की कोणाच्याही घरी रिकाम्या हातानं जायचं नाही, आणि न्यायचा तो आपलाच माल. म्हणून जीपमध्ये हळदीची पाकिटं होतीच.

तर आता तुम्हीच तांड्याच्या बाजूनं बघा. तरण्या पोरीच्या दारात धुतलेली जीप थांबते. तिच्यातून एक वयस्क जोडपं उतरतं. बाईच्या अंगावर जांभळी साडी, नाकात नथ, हातात पेढे. पुरुषाच्या हातात हळद.

तांड्याचे नायक धनसिंग राठोड, तांड्याचा शब्द ज्यांच्यापाशी असतो ते, स्वतः येऊन बाजेवर बसले. पोरीचा बाप गणपत शेतात होता. मी म्हणालो, "आम्ही वसमतहून आलो. हळदीच्या कारखान्याचे." बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कारखान्याचे म्हटल्यावर त्यांनी अख्खा कारखाना माझ्या नावावर करून टाकला असणार. मी माझे प्रश्न काढले. पोरगी तापट आहे का? घरापासून लांब राहील का? सकाळी वेळेवर उठते का? काही आजारपण? आणि उंची किती, कारण प्रयोगशाळेचा कोट मापाचा मागवावा लागतो. इकडे कुसुम आत जाऊन चुलीपाशी बसली होती. निघताना घरातल्या बायकांनी तिला कुंकू लावलं, तर तिनं आपल्याच पाकिटातली हळद काढून, कुंकवासकट पोरीच्या कपाळाला लावली आणि हातावर पेढा ठेवला.

ज्योती सगळा वेळ दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. मला ओळखत होती. काही बोलली नाही.

जीपमध्ये बसल्यावर गफ्फारभाईंनी मान हलवली. "साब, वो लोगां कुछ और समझ रै."

"काय समजणार? गाडीवर कारखान्याचं नाव लिहिलंय."

"वोइच तो," गफ्फारभाई म्हणाले.

कुसुम म्हणाली, "पोरगी लाखात एक हाय. सोडू नका."

सोडली नाही. नेमणूक झाली, ज्योती कामावर आली, पुरता आठवडाही लोटला नव्हता, आणि फाटकात तो तांबडा पटका उभा राहिला.

त्यांचं नाव बळीराम चव्हाण, सेनगावकडच्या तांड्यावरचे. त्यांच्या धाकट्या पोराशी ज्योतीची सोयरीक ठरलेली होती. नायकाच्या साक्षीनं गूळ वाटून झाला होता, आणि तांड्यात एकदा गूळ खाल्ला की शब्द पक्का झाला. हे मला ठाऊक नव्हतं, कारण मला विचारायची बंदी होती. गूळ खाल्लेल्या पोरीला दुसरं बडं स्थळ बघून गेलं, पेढा देऊन गेलं, कपाळाला हळद लावून गेलं, ही बातमी दोन तांड्यांमधलं अंतर कापून चव्हाणांच्या कानावर गेली तेव्हा ती एवढी फुगली होती की म्हणे मी पोरीसाठी एक कारखाना लिहून देत होतो. चव्हाण उठले, काळीपिवळी ठरवली, वाटेत गणपत राठोडला शेतातून आणि धनसिंग नायकांना बाजेवरून उचललं, आणि वसमत गाठलं.

मी काय केलं? शूर माणूस अशा वेळी कामाची पाहणी करतो. मी मागच्या दारानं दळणाच्या शेडमध्ये पाहणीला गेलो आणि गोण्यांच्या थप्पीमागे उभा राहून बारकाईनं पाहणी करू लागलो. नेमका त्याच वेळी वरच्या भुकटीच्या नळाचा कापडी पट्टा निसटला. हळदीचा ढग माझ्यावर असा कोसळला की कोपऱ्यात झोपलेलं कुत्रं मला बघून भुंकलं, त्याला वाटलं त्याचाच कोणी नातेवाईक. खोकत, डोळे चोळत मी दारातून बाहेर पडलो, आणि समोर चव्हाण.

त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. मग मागं वळून सगळ्यांना दाखवलं.

"बघा. म्हातारं हळद लावून तयार हाय."

काळीपिवळीतली माणसं पुढं सरकली. भजनाचा आवाज बंद झाला होता. आमचा वॉचमन गप्प बसल्याची कारखान्याच्या इतिहासातली ही पहिली वेळ. प्रयोगशाळेच्या खिडकीत मला ज्योती दिसली, पांढऱ्या कोटात. गणपत राठोड पुढं आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"साहेब, पोरगी परत द्या. नोकरी नको आमाला."

तेव्हा माझं हसू आणि भीती दोन्ही संपली. सोयरीक मोडली तर सगळ्या तांड्याचं बोट त्या पोरीकडे जाणार होतं. नाही मोडली तरी नोकरी गेलीच. दोन्हीकडून कापली जाणार ती, आणि सुरी माझ्या हातची.

"कँटीनमध्ये चला," मी म्हणालो. "बसून बोलू."

"बसायला न्हाई आलो," चव्हाण म्हणाले.

धनसिंग नायक सरळ चालत गेले आणि कँटीनच्या बाकावर बसले. नायक बसले म्हटल्यावर उभं राहायची कोणाची छाती. सगळे बसले. दारात निम्मा कारखाना जमला.

चव्हाण म्हणाले, "आमी गूळ खाल्लेली पोरगी तुमी तुमच्या पोरासाठी काहून बघितली?"

"मला पोरगा नाही. दोन मुली आहेत, दोघी आपापल्या घरी."

कँटीनमध्ये चहा उकळण्याचा आवाज येत होता.

"पोरगं न्हाई?" चव्हाणांनी पुन्हा एकदा माझी हळद बघितली. "मग कोणासाठी बघून राहिलता?"

दारातून कोणीतरी खोकलं. गफ्फारभाई भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, त्यांचे खांदे हलत होते. मी घाईघाईनं सांगितलं, नोकरीसाठी गेलो होतो, चौकशीला.

"नोकरी द्यायला बायकोला घेऊन, पेढे घेऊन कोण जातंय?"

 पुढं पुण्याच्या मॅडमनीही मला नेमकं हेच विचारलं.

गणपत राठोड खाली मान घालून चव्हाणांना म्हणाला, "पोरीची चूक न्हाई, दाजी. लग्न झाल्यावर नोकरी करायची न्हाई, हे मी तुमाला कबूल केलंच हाय. तवर जाऊ द्या मनली, मनून मी गप बसलो."

अच्छा. म्हणजे खरी गाठ ही होती. माझ्या पेढ्यानं फक्त ती वर आली. आणि गाठ दिसली की माझ्यातला मनुष्यबळवाला जागा होतो. मी कंपनीचा छापील अर्ज मागवला, टेबलावर ठेवला, पेन काढलं.

"चव्हाण मामा, भांडण नंतर करू. माझी चौकशी अर्धी राहिलीय. पोरीच्या गावचं ऐकलं, पण गाव कधीकधी माल खपवतं, हे मला ठाऊक आहे." दारातला वॉचमन छताकडे बघायला लागला. "तुम्ही तिला सून करताय. तुमच्याइतकी चौकशी कोणी केली असणार? तुम्हीच सांगा, पोरगी कशी आहे. काही खोट असेल तर उघड सांगा, मी तिला आत्ता घरी पाठवतो."

चव्हाणांपुढं मी मोकळी वाट ठेवली होती. एक खोट सांगितली की नोकरी संपली. पण ज्या माणसाच्या मिशा आधी फाटकात शिरतात त्याला ती वाट दिसत नाही.

"खोट?" ते म्हणाले. "बळीराम चव्हाण खोटा माल घरात आणत न्हाई."

"प्रामाणिक आहे?"

"माझ्या म्हातारीची गोळ्यांची पाकिटं बघून मनली, ह्याची मुदत गेलेली हाय. दुकानदार आमचा पाव्हणा. त्याच्या तोंडावर मनली. दुकान बदललं आमी."

मी लिहून घेतलं. "वेळेवर येणारी?"

"दोन बस बदलून कॉलेजला गेली ती. पावसाळ्यात वढा वलांडून. कंदी बुडवलं न्हाई. आन् हे आमचं," त्यांनी शेजारी बसलेल्या धाकट्या पोराकडे हात केला, "ह्याला कॉलेज दारात व्हतं, तरी सापडलं न्हाई."

नवरदेवानं ग्लासात बघितलं.

"मग अशी दुसरी कोणी आहे का पंचक्रोशीत? असेल तर मी तिला नेमतो, तुमची सून तुम्ही न्या."

चव्हाण उभेच राहिले. "पंचक्रोशीचं काय सांगता? जिल्ह्यात दाखवा."

मी पेन खाली ठेवलं आणि नायकांकडे वळलो. "नायकसाहेब, मला जिल्ह्यात दुसरी मिळणार नाही असं हेच सांगून राहिले. मग मी हिला कशी सोडू?"

 चव्हाणांना आपण कुठं येऊन उभे राहिलो ते हळूहळू कळत होतं. मिशा आधी खाली आल्या.

धनसिंग नायकांनी चहाचा घोट घेतला, बशी ठेवली. "बळीराम. दुसरी न्हाई मनलास."

"मनलो."

"सगळ्यांसमोर मनलास."

"मनलो की."

"मग घरात बसवून काय तिची पूजा करणार हायस?"

आणि इतका वेळ ग्लासात बघत असलेला नवरदेव बोलला. "बा, मी तसंबी टेम्पो घेऊन रोज वसमतच्या मोंढ्यात माल टाकायला येतोच. येता-जाता सोडतो की तिला."

चव्हाणांनी त्याच्याकडं असं बघितलं जसं टेम्पोच बोलला. पण पोरगं मागं हटलं नाही. ग्लास खाली ठेवून सरळ बघत राहिलं. त्या क्षणी मला वाटलं, यालाही नेमावं.

"रातपाळी न्हाई चालायची," शेवटी चव्हाण म्हणाले.

"प्रयोगशाळेला रात्रपाळीच नाही."

"सणाला सुटी."

"मिळेल."

"आन् हे पेढे घेऊन हिंडणं बंद."

"आजपासून बंद."

आमच्या कँटीनमध्ये चहा गुळाचा होतो. नायकांनी आचाऱ्याकडून गुळाचा खडा मागवला, फोडला, आधी चव्हाणांना दिला, मग गणपत राठोडला, मग मला. माझ्या हाताची हळद त्या गुळाला लागली. दळणाच्या शेडमध्ये गोण्यांमागं ठेवून आलेला माझा जीव तेव्हा चालत परत आला आणि माझ्या शेजारी बसला. मी असा श्वास सोडला की टेबलावरचे कागद उडाले. तो श्वास हिंगोलीपर्यंत ऐकू गेला, असं मी सांगतो. तेवढं मात्र लोक मानत नाहीत.

गणपत राठोड निघताना माझा हात धरून नुसता उभा राहिला. चव्हाण जीपमध्ये बसता बसता वॉचमनला म्हणाले, "भजन कर की. काहून गप बसलास?" आणि त्यानं सुरू केलं. जीप जरा जास्तच घाईनं निघून गेली.

परदेशी गिऱ्हाइकाची माणसं आली, प्रयोगशाळा बघून खूश होऊन गेली. लग्नाला आम्ही दोघं गेलो. कुसुम त्याच जांभळ्या साडीत. चव्हाण पुढं माझे सगळ्यात भरवशाचे चौकशीवाले झाले. सेनगावकडचा कुठलाही अर्ज आला की मी त्यांनाच फोन लावायचो. तारीफ कमी आणि खोट जास्त सांगायचे, म्हणून भरवसा. आता मी घरी बसलोय आणि कारखान्यात ही चौकशी कुठल्याशा कंपनीकडून फोनवर होते. पाच मिनिटांत सगळं. त्यात चहा नाही, म्हैस नाही, आणि गावाला खोटं बोलायला पुरेसा वेळच मिळत नाही, मग खरं बोलायला कुठून मिळणार? हे मला खटकतं. पण मॅडमचा तो लग्नाचा नियम बराबर होता, हेही तितकंच खरं. त्या दिवशी मुलाखतीत मी ते विचारलं असतं आणि तिनं सांगितलं असतं, तर मी तिचा अर्ज सरळ बाजूला ठेवून दिला असता.

ती संध्याकाळ मात्र सांगायची राहिली. काळीपिवळी गेल्यावर मी तोंड धुऊन, तरीही पिवळाच, प्रयोगशाळेत गेलो. ज्योती यंत्रात नमुना घालत होती. मी स्टुलावर बसलो.

"तांड्यावर लोक काय समजून राहिले ते तुला तेव्हाच कळलं होतं ना?"

"व्हय."

"आणि हे प्रकरण सेनगावपर्यंत जाणार, हेही?"

"जाणारच की."

"मग तिथंच तोंड उघडून सांगायचं नाही का, की हे नोकरीसाठी आलेत, माझं लग्न ठरलंय?"

तिनं यंत्राचं झाकण लावलं, आकडा वाचला, लिहिला.

"तुमीच मनला होतात, साहेब. लग्नाचा विषय काढायचा न्हाई."